माळ्यावरच्या चौदा कॅसेट : प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२४

२ जून, रविवार

रत्नागिरीहून मामांनी एसटीच्या पार्सलनं पाठवलेली पत्र्याची ट्रंक आज उघडली. वर जुनी पातळं, खाली कॅसेट. मोजून चौदा. नऊ व्हीएचएस घरच्या, चार हँडीकॅमच्या ८ मिमीवाल्या छोट्या, आणि एक न्यू जर्सीच्या मावशीनं ९५ साली पाठवलेली. ही शेवटची आमच्याकडे आजवर एकदाही धड लागलेली नाही. लावली की काळ्यापांढऱ्या पट्ट्या खालून वर पळतात. एका लेबलावर 'चि. सौ. कां.' एवढंच उरलंय, पुढचं कसरीनं खाल्लं.

वायदा असा झालाय: दिवाळीला सगळे रत्नागिरीत जमणार, तोवर या कॅसेट उतरवून पाच घरांसाठी पाच संच. आणि डिस्कच हव्यात. मी पेनड्राइव्ह म्हणून पाहिलं, तर आई म्हणाली, "ते नखाएवढं हरवतं. आणि माझ्या रिमोटवर त्याचं बटण नाही." डीव्हीडी प्लेअर तिचा, रिमोट तिचा. वाद संपला.

ट्रंकेत एक व्हीसीडीही निघाली. मामेभावाची मुंज, २००३ साली एका स्टुडिओकडून कॅसेटवरून करून घेतलेली. मूळ कॅसेट त्यांनी परत दिली नाही, आपणही मागितली नाही. व्हीसीडी म्हणजे ३५२ बाय २८८. कॅसेटवरच्या प्रत्येक चित्राची दोन फील्ड असतात (एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं), त्यातलं एक सरळ टाकून द्यायचं आणि उरलेलं सेकंदाला ११५० किलोबिटांत कोंबायचं, असा तो कारभार. मांडवातली माणसं चौकोन-चौकोन होऊन चालतात. भिक्षावळीत बटू कोणता ते सांगावं लागतं. आपल्याला हे असं करायचं नाही, एवढं एक आज ठरलं.

९ जून, रविवार

आमचा व्हीसीआर लॉफ्टवरून काढला. प्लग लावल्यावर घड्याळ १२:०० दाखवत लुकलुकलं, फार बरं वाटलं. पहिली कॅसेट टीव्हीवरून भरलेली एक जुनी क्रिकेट मॅच, गेली तरी कुणी रडणार नाही अशी. हे शहाणपण निघालं, कारण मशीननं ती गिळली. बटण दाबलं तर मोटरचा घुरघुर आवाज, कॅसेट बाहेर आली ती मागे हातभर टेप लोंबकळत.

झाकण काढून पाहिलं. रिळं फिरवणाऱ्या चाकाचा रबर वितळून काकवी झालाय. बोटाला लागला तो रॉकेलनं निघाला. याचे सुटे भाग मिळतीलही, पण शोधत बसायला वेळ नाही.

१२ जून, बुधवार

ऑफिसला अर्धी रजा टाकून जुन्या बाजारात गेले. व्हीसीआर दोन दिसले, एकात झुरळांचं कुटुंब. दुसरा १८०० ला, घासाघीस करून १४००. विक्रेत्यानं "चालू आहे ताई, आईशप्पथ" म्हटलं, आणि आश्चर्य म्हणजे तो खरंच चालू आहे. आवाज मात्र मोनो.

येता येता रास्ता पेठेतल्या मेकॅनिक काकांकडून हेड, म्हणजे फिरत्या ड्रमवरचं टेप वाचणारं टोक, साफ करून घेतलं. हे त्यांच्याकडे उभं राहून पाहण्यासारखं आहे. मी इअरबड घेऊन गेले होते, तो त्यांनी हातातून काढून घेतला. "कापसाचा धागा हेडच्या चिपेत अडकला की चिप तुटली. मग नवा ड्रम कुठून आणणार, चंद्रावरून?" त्यांनी साध्या पांढऱ्या कागदाची घडी स्पिरिटमध्ये भिजवली, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, ती ड्रमवर बोटानं नुसती टेकवून धरली आणि दुसऱ्या हातानं ड्रम सावकाश फिरवला. कागद हलवायचा नाही, ड्रम हलवायचा. वर-खाली तर कधीच घासायचं नाही. कागदावर तपकिरी रेघ आली. तीन वेळा केल्यावर रेघ येईनाशी झाली.

१६ जून, रविवार

तपकीर गल्लीतून ६५० रुपयांचा, व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारा यूएसबी डोंगल आणला, सोबत मिळालेलं सॉफ्टवेअर टाकलं, आणि धाकट्या मावशीच्या लग्नाची कॅसेट क्रमांक ३ (मे १९९३, मांडव आमच्याच अंगणातला) तासभर चालवली. निकाल वाईट. नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे कशात सुधारणा झाली ते कळेल.

एक, पांढरं सगळं जळालंय. मामांचा सदरा, टोप्या, गुरुजींचं उपरणं, सगळ्याचा मिळून एक चुन्याचा डाग. सदऱ्याच्या चुण्या टीव्हीवर लावल्या तर दिसतात, फाइलमध्ये नाहीत. म्हणजे कॅसेटवर आहेत, डोंगलनं कापल्या. एकदा कापल्या की नंतर ब्राइटनेस खाली आणून काही परत येत नाही, नुसता डाग करडा होतो.

दोन, चित्र आणि आवाज. सुरुवातीला जुळलेले, तासाच्या शेवटी आवाज साधारण सोळा सेकंद मागे. चित्र संपलं तरी सनई वाजतेच.

तीन, चित्राचा वरचा भाग उजवीकडे वाकलेला. घराच्या दाराची चौकट वर जाऊन उसासारखी लवते.

चार, सॉफ्टवेअरनं विचारल्याशिवाय सरळ एमपी४ केलं, फील्ड एकत्र करून टाकली. हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कंगव्याचे दात.

नवरा म्हणाला, "नंतर एआयनं सुधारता येतं की." म्हटलं, आधी सदऱ्याच्या चुण्या आणू दे त्याला.

१७ जून

रात्री झोप नाही म्हणून थोडं वाचलं आणि डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. मी डिस्क कोणती, ड्राइव्ह कोणता यात गुंतले होते. नुकसान तिथं होतच नाही. ते होतं व्हीसीआर आणि कॉम्प्युटर यांच्या मधल्या दीड मीटर वायरीत आणि तिच्या दोन टोकांना. पैसा, वेळ, डोकं, सगळं पहिल्या टोकाला लावायचं.

२३ जून, रविवार

ऑफिसमधल्या एका मैत्रिणीच्या सासऱ्यांकडे दोन गोष्टी निघाल्या आणि त्यांनी त्या विश्वासानं दिल्या: हाय-फाय स्टिरिओवाला, मल्टिसिस्टिम (परदेशी पद्धतीच्या कॅसेटही चालवणारा) व्हीसीआर आणि पॅनासोनिकचा जुना डीव्हीडी रेकॉर्डर. व्हीसीआर दुबईहून आणलेला, वर क्रोशाचं झाकण अजून आहे. झाकणासकट परत करायचा, अशी अट.

रेकॉर्डरवर रेकॉर्डिंग करायचंच नाही. त्याला मध्ये बसवायचा: व्हीसीआरमधून पिवळी वायर रेकॉर्डरला, रेकॉर्डरमधून एस-व्हिडिओची वायर कॅप्चरला, म्हणजे डोंगलला. चित्र त्याच्यातून नुसतं आरपार जाऊ द्यायचं.

का, तर टेप ही ताणली जाणारी वस्तू आहे. ड्रम मिनिटाला १५०० फेऱ्या मारतो, त्याच्यापुढून टेप सेकंदाला अडीच सेंटिमीटरही सरकत नाही, आणि तीस वर्षं ट्रंकेत पडून तिचा ताण जागोजागी वेगळा झालेला. त्यामुळे चित्रातली प्रत्येक ओळ आपल्या वेळेपेक्षा किंचित आधी किंवा नंतर सुरू होते. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही हे सहन करायचा, त्याच्या स्वभावातच सैलपणा होता. डिजिटल कॅप्चरला घड्याळ लागतं. वेळ चुकली की ते फ्रेमच टाकून देतं. फ्रेम गेली की चित्र आखूड होतं, आवाज मात्र आपल्या गतीनं चालत राहतो. चित्र-आवाजाचं भांडण ते इथलं. रेकॉर्डर प्रत्येक ओळ आत साठवतो आणि नव्या, नेमक्या वेळेनं बाहेर सोडतो. हेच काम करणारी स्वतंत्र यंत्रं मिळतात, पण त्यांच्या किमतीत मी ट्रंकेसकट रत्नागिरीला जाऊन सगळ्यांना तोंडी गोष्टी सांगून येईन.

तीच कॅसेट, तोच तास. मधे रेकॉर्डर नसताना गळालेल्या फ्रेम ४१२. मधे असताना २. दाराची चौकट सरळ. एवढ्यानं मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

रेकॉर्डरच्या मेनूत 'नॉइज रिडक्शन' चालू होतं, ते बंद केलं. चालू असताना गालावरून हात फिरवला की हाताची सावली मागे रेंगाळते.

३० जून, रविवार

पालख्या पुण्यात. रस्ते बंद, घरीच. बुरशीवाल्या कॅसेटना हात घातला.

चौदापैकी तीन. खिडकीतून पाहिलं तर गुंडाळलेल्या टेपच्या कडेवर पांढरट भुकटी, कोळ्याच्या जाळ्यासारखी. कोकणातली हवा, दुसरं काय. अशी कॅसेट मशीनमध्ये घातली की बुरशी ड्रमवर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते. म्हणून आधी बाहेर सफाई. मास्क लावून, गॅलरीत, पंखा बंद.

व्हीएचएसच्या पाठीला पाच स्क्रू असतात. ते काढून कॅसेट स्क्रू खाली राहतील अशी धरून झाकण उचलायचं, उलटी धरली तर स्प्रिंगा आणि छोटे रोलर सोफ्याखाली जातात. (एक गेला. सापडला.) आत टेपचा रस्ता कसा आहे त्याचा आधी फोटो. मग रीळ बाहेर काढून कडेवरची भुकटी कोरड्या मऊ फडक्यानं टिपायची आणि टेप हातानं सावकाश एका रिळावरून दुसऱ्यावर घ्यायची, फडक्याच्या घडीतून. साधारण अडीचशे मीटर टेप. एका कॅसेटला दोन तास. आईला वाटलं मी लोकर गुंडाळतेय.

झाल्यावर रिळं चांगल्या रिकाम्या खोक्यात बसवली. क्रिकेट मॅचचा देह इथं कामी आला. पावसाळी हवा असल्यानं सगळ्या कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवल्यात. डबा चकलीचा होता, आता नाही.

क्रमांक ११ मात्र थरांत चिकटलीय. ओढली तर तपकिरी लेप सुटून येईल. थांबले.

७ जुलै, रविवार

कॅप्चर उपकरण बदललं, आणि व्हर्च्युअलडब या कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग पक्कं केलं. ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, फील्ड जशी आहेत तशी, हफयूव्ही कोडेकमध्ये, म्हणजे काहीही न टाकता दाबलेलं. आवाज ४८ किलोहर्ट्झ, साधा पीसीएम, म्हणजे न दाबलेला. तासाला तीस जीबीच्या आसपास जातात. काहीच न दाबता घेतलं असतं तर ७५ लागले असते, त्या मानानं स्वस्त. चार टीबीची डिस्क आणली.

प्रत्येक कॅसेट आता या क्रमानं: आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे, म्हणजे ताण सारखा होतो. मग सर्वांत उजेडाचं दृश्य आणि सर्वांत अंधाराचं दृश्य शोधून उजेड-अंधाराचा आलेख उघडायचा, आणि ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट असं बसवायचं की आलेखाची दोन्ही टोकं भिंतीला चिकटत नाहीत. चित्र यात थोडं फिकं दिसतं. दिसू दे. नंतर उठाव देता येतो. मग ट्रॅकिंग, म्हणजे हेड टेपवरच्या रेघांवर नेमकं बसवणं: ऑटो करू द्यायचं, पण त्यावर पूर्ण विश्वास नाही ठेवायचा, एकेक घर मागेपुढे करून पाहायचं.

सदऱ्याच्या चुण्या आल्या. खिशातल्या पेनची क्लिपसुद्धा.

१४ जुलै, रविवार

आज पहिली डीव्हीडी टीव्हीवर लावली आणि पोटात गोळा आला. स्थिर दृश्यं सुंदर. हललं की मात्र सगळं थरथरतं.

घाणा भरतानाचं दृश्य आहे. आजी आणि शेजारच्या काकू जात्यावर समोरासमोर बसल्यात, खुंट्याला हळकुंड बांधलेलं, दोघींचे हात एकावर एक. जातं फिरतं तेव्हा आजीच्या बांगड्या पुढे जातात, किंचित मागे येतात, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. जणू जात्याला उचकी लागलीय. कॉम्प्युटरवर एकेक फील्ड सुटं करून पाहिलं तेव्हा कळलं: बांगडीची जागा १, २, ३, ४ अशी जायला हवी ती २, १, ४, ३ अशी जातेय. फील्डचा क्रम उलटा. माझं कॅप्चर वरचं फील्ड आधी देतं, आणि डिस्कसाठी एन्कोड करणारं सॉफ्टवेअर मनानंच खालचं आधी धरून बसलं होतं. एका खुणेचा प्रश्न. बदलली, जातं गुळगुळीत फिरायला लागलं.

आता कुठलीही नवी पद्धत आली की पहिली चाचणी जात्याचीच. तिच्यासाठी बारा सेकंदांचा तुकडा वेगळा काढून ठेवलाय.

हेही ठरलं की डिस्कवर फील्ड मोडायची नाहीत. डीव्हीडीला ती तशीच चालतात, टीव्ही आपलं बघून घेतो. फोनसाठीच्या प्रतीला मात्र क्यूटीजीएमसी (फील्डची पूर्ण चित्रं करणारं फिल्टर) लावून सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम करायच्या, २५ नाही. २५ केल्या की निम्मी हालचाल गेली, म्हणजे फिरून २००३ चा स्टुडिओ.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडल्यानं सिंहगड रस्त्याकडे सोसायट्यांत पाणी शिरलंय, फोनवर फोन. आमच्याकडे फक्त वीज गेली, पण कॅसेट ५ च्या बरोबर मध्यावर. टेप ड्रमभोवती गुंडाळलेली, मशीन बंद. ओढायचा मोह आवरला. दुपारी वीज आल्यावर व्हीसीआरनं स्वतःच टेप सोडली आणि कॅसेट शहाण्यासारखी बाहेर दिली. अर्धवट फाइल उघडत नाही. पुन्हा घ्यायची. इन्व्हर्टरची एक लाइन या टेबलापर्यंत ओढायला सांगितलीय.

११ ऑगस्ट, रविवार

हँडीकॅमच्या चार. यांचा मला धसका होता आणि याच सर्वांत सोप्या निघाल्या. मामेभावाकडे सोनीचा डिजिटल-८ कॅमेरा आहे. या जातीतले काही कॅमेरे जुन्या ८ मिमीच्या अॅनालॉग कॅसेटही वाजवतात आणि आतल्या आत डिजिटल करून फायरवायर नावाच्या जुन्या वायरीनं कॉम्प्युटरला देतात. ओळी सरळ करण्याचं काम आतच होतं. रेकॉर्डर नको, लेव्हल नको. तासाला १३ जीबी. अडचण एकच, फायरवायरचं भोक असलेला कॉम्प्युटर. तो ऑफिसच्या भंगारात होता.

यांत फील्डचा क्रम उलट, खालचं आधी. फाइलच्या नावातच 'खाआ' आणि 'वआ' लिहायला सुरुवात केली. नवऱ्यानं विचारलं, हे कुठलं पिल्लू रडतंय.

१८ ऑगस्ट, रविवार

न्यू जर्सीची कॅसेट. तिकडची पद्धत एनटीएससी: ५२५ ओळी, सेकंदाला जवळजवळ ३० फ्रेम. आपल्याकडे पाल: ६२५ आणि २५. म्हणून तीस वर्षं पट्ट्या पळत होत्या, कॅसेट बिचारी ठणठणीत होती.

मल्टिसिस्टिम व्हीसीआरच्या मागे खटका आहे. 'पाल टीव्हीवर एनटीएससी' या खुणेवर ठेवलं तर तो एक संकरित सिग्नल देतो, ओळी अमेरिकेच्या आणि रंग आपला. टीव्ही तो चालवून घेतो, कॅप्चर पालवर ठेवलं तर गडबडतं. खटका शुद्ध एनटीएससीवर नेला, कॅप्चरही एनटीएससीवर, ७२० बाय ४८०. लागली! मावशी बर्फात उभी राहून हातमोजा काढून दाखवतेय की बोटं किती लाल झालीत.

मावशीनं टेप वाचवायला सर्वांत संथ गतीवर भरलीय, त्यामुळे ट्रॅकिंगला नखाएवढीही सवलत नाही. चार वेळा घेतली, तिसरी ठेवली. हिची डिस्क वेगळी आणि एनटीएससीच. पालमध्ये ओढून आणली असती तर बर्फ अडखळत पडला असता. आपले प्लेअर दोन्ही चालवतात. फक्त एकाच डिस्कवर दोन्ही मिसळता येत नाहीत.

२५ ऑगस्ट, रविवार

कॅसेट ३ पुन्हा, पक्क्या सेटिंगनं, हाय-फाय व्हीसीआरवर, पहिल्यांदाच हेडफोन लावून. आजवर चाचण्या चित्राच्याच चालल्या होत्या, आवाज जुन्या बाजारवाल्या मशीनवरून ऐकलेला.

या कॅसेटला आवाज म्हणजे सनई. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सनई, घरातल्या सगळ्यांना पाठ. हेडफोनमध्ये सनई नाही. भांड्यांचा आवाज, मांडवाच्या पत्र्यावर काहीतरी पडल्याचा आवाज, आणि अगदी कॅमेऱ्याजवळून आजी: "अंतरपाट खाली आलाय रे, त्याचं नाक दिसतंय तिला."

आजी ९८ साली गेली. कॅसेट थांबवून आईला हाक मारली नाही लगेच. आधी वाटलं चुकीची कॅसेट लागली. मग मामांना फोन.

"मामा, कॅसेटवर सनई कुणी घातली?"

"मीच. व्हीसीआरला ऑडिओ डबचं बटण होतं. नुसता गोंगाट होता गं, कुणी काय बोलतंय कळेना. म्हटलं लग्नाची कॅसेट आहे, जरा मंगल वाटू दे."

"गोंगाट अजून आहे त्याच्यावर."

"कसा असेल? मी पुसला ना."

नव्हता पुसला. व्हीएचएसवर आवाजाला दोन घरं आहेत. एक साधा ट्रॅक, टेपच्या वरच्या काठानं सरळ धावणारा. दुसरा हाय-फाय, फिरत्या ड्रमवरच्या हेडनं चित्राच्याच जागी तिरका, चित्राखाली भरलेला. ऑडिओ डब फक्त काठाचा ट्रॅक बदलतो. हाय-फायला हात लावायचा तर चित्रच पुसावं लागेल. मामांचा मस्कतहून आणलेला खांद्यावरचा कॅमेरा हाय-फाय होता. रत्नागिरीतला व्हीसीआर, आमचा व्हीसीआर, जुन्या बाजारवाला, सगळे मोनो. त्यांना काठाशिवाय काही ऐकूच येत नाही. एकतीस वर्षं आजी सनईखाली बोलत होती.

मग आईला बोलावलं. तिनं हेडफोन लावून दहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "ही मागे बोलतेय ती कुलकर्ण्यांची थोरली. मुलाकडच्यांना नावं ठेवतेय. हे पाच घरांना पाठवणार आहेस?"

१ सप्टेंबर, रविवार

हाय-फायला ट्रॅकिंग नाजूक लागतं. चित्र उत्तम असतं त्या जागेवर आवाजात फरफर येते, आवाज स्वच्छ होतो तिथं चित्राच्या तळाशी मुंग्या. दोन्हीचं एक घर सापडेना. शेवटी दोनदा चालवली: एकदा चित्रासाठी, एकदा आवाजासाठी, आणि जुळवल्या. मधे रेकॉर्डर असल्यानं दोन्ही वेळची लांबी फ्रेमला फ्रेम जुळली.

तिसऱ्यांदा सनईसाठी, खटका 'नॉर्मल'वर, म्हणजे काठाच्या ट्रॅकवर ठेवून. डीव्हीडीवर आवाजाचे आठ ट्रॅक ठेवता येतात. पहिला आजी, दुसरा सनई.

८ सप्टेंबर, रविवार

गणपतीला आलेल्यांपुढे चाचणी. लगेच तक्रार: "आम्ही एवढे जाड होतो?" टीव्हीनं चौकोनी चित्र ताणून रुंद केलं होतं. डिस्कवरची ४:३ ची खूण तपासली, बरोबर आहे. टीव्हीच्याच मेनूत ताणण्याची सवय लागलीय. प्रत्येक संचात याची चिठ्ठी घालायची.

चित्राच्या तळाशी आठ-दहा ओळी वेड्यावाकड्या नाचतात. हेड बदलण्याची ती जागा. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड लपायची, आता उघडी पडलीय. कापून चित्र ताणणार नाही, फील्ड बिघडतात. तेवढ्या ओळींवर काळी पट्टी.

२२ सप्टेंबर, रविवार

एका मामेबहिणीचा आग्रह: तीन तासांची कॅसेट एकाच डिस्कवर बसव, किती बदलत बसायचं. बसवून पाहिली. ४.७ जीबी भागिले तीन तास म्हणजे आवाजासकट सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबिट. होमाच्या धुरात गुरुजींचे चौकोन झाले. जुन्या टेपवरचे कण हेच एन्कोडरला सर्वांत महाग पडतात; त्याला तो सगळा तपशील वाटतो आणि चेहऱ्याचे बिट तो मुंग्यांवर उधळतो. हलकं डीनॉइज दिलं, इतकंच की आजीच्या सुरकुत्या राहतील. त्याहून जास्त दिलं की सगळे मेणाचे.

शेवटी सरासरी ८ मेगाबिट, तासाला एक डिस्क. तीन तासांच्या तीन. मामेबहीण नाराज. मिक्सिंगवाल्यानं बदामाच्या आकारात नवरा-नवरी फिरवलेला वीस मिनिटांचा भाग कापू का विचारलं, तर त्यावर मात्र सगळ्यांचं एकमत: अजिबात नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

बर्निंग. डिस्क १६ पट वेगाच्या, मी ८ पटीनं भरल्या आणि प्रत्येक पुन्हा वाचून तपासली. पहिल्या गठ्ठ्यातल्या पाचपैकी दोन अगदी बाहेरच्या कडेला फसल्या. आता ४.३ जीबीच्या वर भरत नाही, कड मोकळी सोडते. कागदी लेबल चिकटवत नाही, डिस्क डगमगते. मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या मार्करनं क्रमांक.

मूळ फाइली दोन हार्डडिस्कवर, एक इथं, एक रत्नागिरीत. खरी प्रत ती. डिस्क आईच्या रिमोटसाठी.

क्रमांक ११ अजून डब्यातच. मुंबईत हे काम करणाऱ्या एकांशी बोलणं झालंय, ते दिवाळीनंतर बघतील. तोवर मी हात लावत नाही.

व्हीसीआर क्रोशाच्या झाकणासकट परत केला. झाकण धुऊन.

२० ऑक्टोबर, रविवार

मामांचा संच कुरियरनं पुढे पाठवला होता, आज फोन.

"चित्र फर्मास आलंय. माझ्या खिशातलं पेन दिसतंय. पण सनई कुठे गेली?"

"मामा, रिमोटवर ऑडिओ म्हणून बटण आहे. एकदा दाबा."

"रिमोट कुठे आहे इथं. उंदरानं नेला."

तर एक काम वाढलं: कॅसेट ३, रत्नागिरीसाठी वेगळी प्रत, सनई पहिल्या ट्रॅकवर.